हात लावू नका

आईला घरी आणायला रविवार ठरला, कारण थोरल्याला दुसऱ्या कुठल्या दिवशी सुट्टी नव्हती आणि आपण केलेलं काम तिला आपणच दाखवणार हा त्याचा हट्ट होता. मनगट मोडल्यापासून आई सव्वा महिना धाकटीकडे होती. तो सव्वा महिना थोरल्याने सत्कारणी लावला होता. कारखान्यात तो देखभालीचा फोरमन. दिवसभर तिथली यंत्रं बघायची, पाचला सुटलं की इथे यायचं, वडिलांच्या, अण्णांच्या हातचं चाळीस वर्षांचं वायरिंग उपसायचं आणि भिंतीत नवं ओढायचं. घरी जाऊन ताटावर बसला की बायको म्हणायची, "आधी केसातलं प्लास्टर झटका, मग जेवा."

बहीण-भावांची बोलणी होऊन चुकली होती. धाकटीचं म्हणणं, आईने आता एकटीने राहायचं नाही, घर बंद करून कायमचं तिच्याकडे यायचं. थोरल्याचं म्हणणं, घरच नीट केलं तर आईला कुठे हलायची गरज नाही. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "मला माझ्या घरी सोडा." शेवटी असं ठरलं की आजचा एक दिवस बघायचा. आई घरात नीट वावरली तर राहील. नाहीतर संध्याकाळी तीच बॅग उचलून धाकटीबरोबर परत जाईल. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण न सांगितलेल्या गोष्टी आईला आधी कळतात, हे त्या घरात सगळ्यांना अनुभवाने माहीत होतं.

गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा थोरला वरच्या खोलीत टेस्टर घेऊन उभा होता. बाकीच्या सगळ्या खोल्या झाल्या होत्या, या एकीचं बटणांचं पॅनेल दुकानदाराने उद्यावर ढकललं होतं. भिंतीत चौकोनी खड्डा, खड्ड्यात वायरींची तीन टोकं. पण थोरला काही कच्चा गडी नव्हता. त्याने कोऱ्या कागदावर लाल पेनने, दुरून वाचता येईल अशा ठळक अक्षरांत 'हात लावू नका' असं लिहिलं होतं आणि तो कागद खड्ड्याच्या वर चिकटवला होता. कारखान्यात तो असंच करायचा आणि बावीस वर्षांत त्याच्या हाताखालच्या कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. दोन टोकांना त्याने टेप गुंडाळली, तिसऱ्याला गुंडाळणार तेवढ्यात दुसरा हॉर्न वाजला. तो जिना उतरून धावत सुटला.

आई उंबऱ्याशी थांबली. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले तेव्हापासून ती बाहेरून आली की अशी थांबायची. मग आत आली, डाव्या हाताने दाराची चौकट चाचपली आणि सवयीने उजवा हात बटणांच्या बोर्डाकडे नेला.

तिथे बोर्ड नव्हता. काळ्या काचेची गुळगुळीत पाटी होती आणि तिच्यावर बारीक निळे ठिपके. आईची बोटं काचेवरून सरकली तशी दिवा लागला, पंखा फिरला, बाहेरचा दिवा लागला, दिवा विझला.

"अगंबाई, सगळंच लागलं की रे," आई म्हणाली.

"अगं, नुसतं टेकवायचं बोट, दाबायचं नाही," थोरल्याचा चेहरा फुलून आला होता. "कळ नाही, खटका नाही, शॉकचं तर नावच नको. आणि हे बघ, माझ्या फोनवरूनही चालतात. तू गीझर विसरलीस तर मी कारखान्यात बसून बंद करीन!"

"म्हणजे आईंनी आंघोळ किती वेळ करायची ते आता तुम्ही ठरवणार," सोबत आलेली त्याची बायको म्हणाली. धाकटी हसली. आईही हसली, पण तिचा हात अजून काचेजवळच होता, टेकवावा की नको अशा बेतात.

"छान केलंस," ती म्हणाली. "जुनी बटणं कुठे ठेवलीस?"

"ती? भंगारवाल्याला दिली पोतंभर. काय एकेक नमुने होते! अण्णांनी कशावर शर्टाची गुंडी चिकटवलेली, कशावर आगपेटीची काडी, कशावर सायकलच्या ट्यूबचं रबर. म्हातारपणी त्यांना हे चिकटवायचं वेडच लागलं होतं."

आईने हात खाली घेतला. "हो," ती म्हणाली. "होतं खरं."

थोरल्याला तेव्हाच काही कळायला हवं होतं, असं त्याला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण स्वतःच्या कामावर खूश असलेल्या माणसाला समोरचा माणूस दिसत नाही, आणि आज तो भलताच खूश होता.

तासभर बरं चाललं. आई स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी उभं राहून तिने चहा टाकला. साखर, पत्ती, गाळणी, सगळं जिथल्या तिथे. त्या बाबतीत आईचा जाच सगळ्यांनीच सोसला होता. डबा जरा इकडचा तिकडे झाला की ती घर डोक्यावर घ्यायची. थोरल्याने बहिणीकडे बघून भुवया उडवल्या. बघ, म्हटलं होतं ना मी! धाकटीने तोंड फिरवलं. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. उगाच कुणाच्या होला हो करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"माझ्याकडे ती खुर्चीतून उठत नव्हती, दादा," ती हळूच म्हणाली. "सव्वा महिना. पाणीसुद्धा मागायची नाही. मला वाटलं हात दुखतोय म्हणून."

"मग? इथे बघ कशी फिरतेय. हे तिचं घर आहे."

"फिरतेय," थोरल्याची बायको मधेच म्हणाली, "पण अंधारात फिरतेय." आणि खरंच, स्वयंपाकघरात दिवा लागलेला नव्हता. पडदा ओढलेला, बाहेर ढग आलेले, आणि आई त्या झाकोळात कप मांडत होती. "मघापासून बघतेय मी. एकदाही त्या काचेला हात लावला नाही त्यांनी. तुमच्या नव्या वस्तूला घाबरल्यात त्या."

"होईल सवय," थोरला म्हणाला. बायको आपल्या बाजूची आहे असं तो सकाळपर्यंत धरून चालला होता, म्हणून त्याचा आवाज जरा चढलाच.

चहा झाला. आई बॅग घेऊन उठली. "कपडे वर ठेवून येते." धाकटी बॅग घ्यायला गेली तर आईने ती दिली नाही. एका हातात बॅग, दुसरा हात जिन्याच्या कठड्याच्या खालून, अशी ती चढू लागली.

"चालली बघा धूळ पुसत," धाकटी म्हणाली. घरातली ही जुनी थट्टा होती. आई कठडा वरून धरायची नाही, खालून हात फिरवत जायची, जशी काही मोलकरणीने न पुसलेली धूळ शोधतेय. अण्णा असताना ते म्हणायचे, "पुसू दे, माझा कठडा चकचकीत राहतो."

ती वर पोचली आणि मग थोरल्याला ते तिसरं टोक आठवलं.

जिना तो दोन-दोन पायऱ्यांनी चढला. दारात पोचला तेव्हा आई भिंतीपाशी उभी होती. बॅग खाली ठेवलेली. तोंड खिडकीकडे आणि उजवा हात मागे, न बघता, चाळीस वर्षं जिथे बटण होतं तिथे चाललेला. लाल अक्षरांचा कागद तिच्या खांद्याला लागून सळसळला. बोटं खड्ड्याच्या कडेवर आली, कड चाचपली आणि आत वळली.

ओरडायलाही वेळ नव्हता. त्याने तिच्या हातावर फटका मारला. कारखान्यात एखादा नवखा यंत्राच्या फिरत्या पट्ट्याकडे हात नेतो तेव्हा मारतात तसा, सगळी ताकद लावून. नुकत्याच सांधलेल्या मनगटावर.

आई "आई गं" म्हणून खाली बसली.

"दिसत नाही का तुला?" थोरला आता ओरडला. "एवढं मोठं लिहून ठेवलंय! लाल अक्षरात! दिसत नाही?"

धाकटी आणि थोरल्याची बायको धावत वर आल्या होत्या. आई भिंतीला पाठ लावून बसली होती, मनगट पोटाशी धरून. तिने मान वर केली आणि थोरल्याच्या दिशेने बघितलं. दिशेनेच. तिचे डोळे त्याच्या कानापाशी कुठेतरी थांबले होते.

"नाही रे," ती म्हणाली. "नाही दिसत."

थोरल्याने खाली जाऊन मेन स्विच बंद केला, जे त्याने सकाळीच करायला हवं होतं. निळे ठिपके विझले. परत वर आला तोवर धाकटी आईच्या शेजारी जमिनीवर बसली होती, तिचं मनगट हलक्या हाताने तपासत.

"मोडलं नाहीये," ती म्हणाली. मग आईच्या डोळ्यांसमोर तिने हात हलवला, एकदा, दोनदा, आणि हात मांडीवर ठेवून दिला. "कधीपासून, आई?"

"आठ वर्षं. डोळ्याची नस वाळत चाललीय म्हणाले डॉक्टर. आधी अक्षरं गेली, मग चेहरे. आता उजेड कळतो. माणूस आलं ते कळतं. कोण आलं ते आवाजावरून."

"आठ वर्षं! आणि मी नर्स!" धाकटीचे डोळे वाहू लागले. "मी सुट्टीला येऊन तुझ्यासमोर आठ-आठ दिवस बसलेय, आई. फोटो दाखवलेत तुला. तू म्हणायचीस, छान आलाय."

"छानच असणार, म्हणून म्हणायचे."

"अण्णांना माहीत होतं?"

आई जरा हसली. मनगट दुखत असताना, त्या उघड्या खड्ड्याखाली बसून ती हसली, आणि थोरल्याला ते बघवेना.

"त्यांनीच तर केलं सगळं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाचे हात, स्वस्थ बसणार होते थोडेच? म्हणाले, मुलांना कळलं की हे घर सुटलंच म्हणून समज. दोघंही चांगली आहेत, चांगुलपणाने तुला घेऊन जातील. म्हणून मग एकेका बटणाला खूण. गुंडी म्हणजे न्हाणीघर. काडी म्हणजे स्वयंपाकघर. रबर म्हणजे बाहेरचा दिवा. रोज संध्याकाळी माझे डोळे बांधायचे, जागच्या जागी तीन गिरक्या घालायला लावायचे आणि म्हणायचे, हं, आता न्हाणीघराचा दिवा लाव. चुकले की त्यांना एक कप चहा जास्त. सहा वर्षं. तेव्हा थोडं दिसत होतं मला, तरी बांधायचे. पुढचं आत्ताच शिकून घे म्हणायचे."

थोरल्याला त्या संध्याकाळी आठवल्या. फोन केला की कुणी उचलायचं नाही. मग उशिरा आई उचलायची, धापा टाकत, हसू दाबत, आणि तो बायकोला म्हणायचा, म्हातारा-म्हातारी टीव्हीपुढे बसली की जगाला विसरतात.

"आणि मनगट?" धाकटीने विचारलं. "पडलीस ती?"

आईने मनगट पोटाशी आणखी ओढून घेतलं.

"मी आले होते त्या आठवड्यात. झाडताना वेताचा मोढा सरकवला होता मी, दाराकडे." धाकटीने तोंडावर हात ठेवला. "मी सरकवला होता."

"बसायचा मोढा तो, सरकायचाच," आई म्हणाली. "रडू नको."

थोरल्याच्या बायकोने खालून पाणी आणलं. पेला पुढे करताना ती एकदम म्हणाली, "अहो, तुमच्या त्या काचेला गुंड्या चिकटवता येतील की!"

"नाही येणार." थोरल्याने मान हलवली. हे त्याच्या मनात येऊन गेलं होतं, जिना उतरतानाच. "ती नुसत्या स्पर्शावर चालते. हाताने ओळखायला गेलं की ओळखायच्या आधीच दिवा लागतो. किंवा विझतो. आईला कळणारच नाही काय झालं ते." त्याने भिंतीतल्या खड्ड्याकडे बघितलं. "बाजारात शोधून शोधून हीच आणली मी. जिच्यावर हाताला काही लागत नाही अशी."

तो आईसमोर उकिडवा बसला. "सगळं काढतो. आठ दिवस दे मला. जुन्या पद्धतीचे खटके मिळतात अजून. भंगारवाल्याकडे जातो, पोतं उघडतो, तीच बटणं शोधतो. तू सांगशील तशी खूण. कशावर काय ते तू सांग."

धाकटीने डोळे पुसले आणि जे बोलली त्याने थोरला चमकला. "करू दे त्याला, आई. राहा तू इथे. मी नाही हट्ट धरणार आता." सकाळपासून, खरं तर महिनाभर, जिच्याशी तो भांडत होता ती त्याच्या बाजूला येऊन बसली होती.

आणि नेमकं तेव्हाच थोरल्याला कळलं की आपण आता त्या बाजूला नाही. त्याच्या तळहाताला अजून फटक्याची चुणचुण होती. उद्या कारखान्यात असताना, परवा बैठकीत असताना, आईची बोटं कुठल्या कडेवरून कुठे वळत असतील हे त्याला दिसत राहणार होतं. आठ वर्षं ती या घरात राहू शकली ती मुलांना माहीत नव्हतं म्हणून. आता माहीत झालं होतं. तो काही बोलला नाही. पण आईला माणसं बोलण्यावरूनच नाही, न बोलण्यावरूनही ओळखता येत होती.

"तू बसवशील रे," आई म्हणाली. "तुझा हात त्यांच्यासारखाच आहे. पण शिकवणार कोण? बोटांना हे घर शिकवायला सहा वर्षं लागली मला, तीही रोजची. रोज संध्याकाळी. तू रविवारी येणार."

"येईन मी रोज."

"नको," आई म्हणाली. "सव्वा महिना येत होतास ना, आवाजावरून कळतंय किती थकलायस ते." तिने चांगला हात पुढे केला, जरा चाचपडत, त्याचा खांदा सापडला तशी त्यावर थोपटलं. "तू चांगल्यासाठीच केलंस."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वाटेल ते बोलली असती तर त्याने ऐकून घेतलं असतं. चांगल्यासाठीच केलंस, हे मात्र त्याला सोसेना. तो उठला, भिंतीवरचा कागद त्याने ओढून काढला, चुरगाळला आणि खिशात घातला.

"मग चल माझ्याकडे, पण खुर्चीत नाही हं बसून राहायचं," धाकटी म्हणाली. "मी शिकवीन. संध्याकाळी मी घरी असते."

"शिकव," आई म्हणाली. पण कशी म्हणाली ते सगळ्यांनीच ऐकलं.

बॅग उघडलीच नव्हती. धाकटीने ती उचलली, आईने या वेळी उचलू दिली. मग कुणाचाही हात न धरता आई जिना उतरली, कठड्याच्या खालून हात फिरवत, भरभर, नव्या नवरीच्या वयातली असावी तशी. एकाही पायरीवर अडखळली नाही. खाली पोचून बैठकीच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली, एकदा स्वयंपाकघराकडे तोंड केलं, एकदा खिडकीकडे, आणि बाहेर गेली. थट्टा करायला या खेपेला कुणाला सुचलं नाही.

खिडक्या लावायला थोरला एकटा मागे राहिला. वरची खोली शेवटची. तिसऱ्या टोकाला त्याने टेप गुंडाळली, मेन बंद होता तरी. खिडकी ओढून घेतली तसा अंधार झाला. जिन्याच्या तोंडाशी येऊन तो थांबला आणि का कोण जाणे, त्याने डोळे मिटले. हात कठड्याच्या खालून घातला, आईसारखा.

लाकूड गुळगुळीत होतं. तो एक पायरी उतरला, दुसरी, तिसरी, अशा एकेक करत, पाय पुढे चाचपत. खालच्या वळणापाशी त्याच्या बोटांना काहीतरी लागलं. खाच. कानशीने घासून कडा मऊ केलेली, नखाएवढी. तिच्या शेजारी आणखी दोन. वळणानंतर तीन पायऱ्या उरतात, म्हणून तीन खाचा. वाकून हात लांब केला तर पुढे दोन खाचा, पुढे एक, मग सपाट लाकूड. या कठड्याला त्याने सव्वा महिन्यात शंभरदा हात लावला होता, वरून. लहानपणी त्यावरून घसरगुंडी केली होती. उपसून भंगारात देता येणार नाही असं अण्णांनी या घरात एवढंच ठेवलं होतं, आणि त्यावर धूळ कधी नव्हतीच.

वळणानंतरच्या पायऱ्या तो डोळे मिटूनच उतरू लागला.

उघड्या दारातून धाकटीचा आवाज आला, "दादा कुठे अडकला? बघून येते."

"थांब जरा," आईचा आवाज गाडीतून आला. "पायऱ्या वाजतायत बघ. मोजतोय तो."

तीन खाचा. दोन. एक. थोरल्याचा पाय जमिनीला लागला आणि तो तिथेच, शेवटच्या पायरीवर, कठडा धरून बसला.